फ्लायव्हीलचे दोन तुकडे: जुन्या डिझेल पिकअपची गोष्ट

आजचा विषय फ्लायव्हील. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसलेली जड लोखंडी चकती. क्लच प्लेट तिच्यावर दाबली गेली की इंजिनची ताकद चाकांकडे जाते.

आता गंमत बघा. डिझेल इंजिन एकसारखं फिरत नाही, धक्के देत फिरतं. 8 सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर फेरीत 4 धक्के देतं. आयडलला मिनिटाला 700 फेऱ्या धरा, म्हणजे सेकंदाला जवळपास 47 धक्के! ते गिअरच्या दातांपर्यंत पोचले की गिअरबॉक्स खडखडतो. कामाच्या ट्रकमध्ये हे चालून जायचं. पण अमेरिकेत पिकअप घरची गाडी म्हणूनही वापरात आले आणि आवाज खुपायला लागला.

उपाय जर्मनीतून आला. 1985 मध्ये लुक कंपनीने मोटारींसाठी ड्युअल मास फ्लायव्हील आणलं. एकाऐवजी दोन चकत्या आणि मध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या स्प्रिंगा. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत लो-पास फिल्टर. फोर्डच्या डिझेल पिकअपमध्ये हेच तंत्र आलं, 1994च्या 7.3 लिटर पॉवर स्ट्रोकमध्येही. डॉजच्या 1989च्या कमिन्सवाल्या ट्रकमध्ये मात्र साधंच फ्लायव्हील होतं.

बिल नंतर आलं. ओझं ओढून ओढून स्प्रिंगा थकतात, दोन चकत्यांमध्ये खेळ वाढतो. साधं फ्लायव्हील लेथवर फेस मारून पुन्हा बसवता येतं. ड्युअल मास बहुतेक वेळा अख्खंच बदलावं लागतं आणि ते महाग. म्हणून एकसंध फ्लायव्हील आणि मधोमध स्प्रिंगा असलेली क्लच प्लेट, असे किट निघाले. यात दुरुस्ती सोपी, पण न्यूट्रलला खडखड परत येते.

मग निवडायचं काय? मला वाटतं, आधी ट्रकचं काम बघा. जड ट्रेलर ओढायचा असेल तर एकसंध बरं. रोज घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर ड्युअल मासचा खर्च पटतो. सिरॅमिक प्लेट पकड घट्ट देते, पण सुटताना गाडी हिसका मारते. इंजिनची ताकद वाढवली नसेल तर साधी ऑरगॅनिक पुरते. आणि गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंगही बदला. मजुरी दोनदा कशाला द्यायची?

आता शेवटचा ट्विस्ट. 2005 मध्ये डॉजनेही जी-56 गिअरबॉक्सबरोबर ड्युअल मास घेतलं, आणि तिथेही मालक एकसंध किट बसवायला लागले! शांतता कंपनी विकते, तिची दुरुस्ती मात्र दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या खिशातून होते. जुनी गाडी घेताना हा हिशोब आधी करा.