तीन आकड्यांचं माहेर
मेल सर्व्हर सांभाळणारा माणूस टर्मिनलवर ‘अपटाइम’ टंकतो, तेव्हा ओळीच्या शेवटी तीन आकडे उमटतात : १, ५ आणि १५ मिनिटांचं लोड ॲव्हरेज. पत्रं का तुंबली, याचा पहिला अंदाज तो त्यांवरूनच बांधतो. रंगीत आलेखांची पानं मग उघडतात. या तीन आकड्यांचा माग काढत गेलं की वाट अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, बीबीएन या कंपनीच्या दाराशी पोचते. आणि तिथे एक ओळखीचा माणूस भेटतो.

रे टॉमलिन्सन. १९७१ मध्ये नेटवर्कवरून पहिली ई-मेल धाडणारा, पत्त्यात ‘ॲट’चं चिन्ह आणणारा. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ज्या टेनेक्स प्रणालीवर त्याने हे केलं, तिच्या कर्त्यांपैकीही तो एक होता. टेनेक्सवरच्या १९७२ च्या शोधनिबंधावर त्याचं नाव आहे. आणि लोड ॲव्हरेजही याच टेनेक्सचं. जुलै १९७३ मधल्या टेनेक्सच्या लोडविषयीचं टिपण आरएफसी ५४६ म्हणून आजही वाचायला मिळतं. तासाभराचं ॲव्हरेज १० असेल तर एक प्रोसेस चालू आणि नऊ रांगेत ताटकळत, असा खुलासा त्यात आहे. म्हणजे ई-मेल आणि तिच्या सर्व्हरची दमछाक मोजणारी मोजपट्टी, दोघींचं माहेर एकच.

युनिक्सवाल्यांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली असेल, असं कुणी म्हणेल. त्याने टेनेक्सचा सोर्स कोड उघडून पाहावा. त्यात स्थिरांकांचा एक तक्ता आहे : दर ५ सेकंदांनी मोजणी, मुदती १, ५ आणि १५ मिनिटं. लिनक्सच्या कर्नलमध्येही तेच ५ सेकंद, त्याच तीन मुदती. गणितसुद्धा तेच, ताज्या मोजणीला वजन आणि जुनी हळूहळू विरत जाणारी. त्यामुळे रिकाम्या यंत्रावर मिनिटभर एकच काम सतत चालवलं, तर ‘एका मिनिटाचा’ आकडा १ वर न जाता ०.६३ च्या आसपासच पोचतो. इतकी विक्षिप्त जन्मखूण दोन घरांत आपापली उगवत नाही.

या गणिताची कुळी आणखी मागे जाते. रॉबर्ट ब्राऊन याने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांचा ठावठिकाणा लावताना ते वापरलं आणि १९५६ मध्ये आर्थर डी. लिटल कंपनीतर्फे छापलं. ती कंपनीही केंब्रिजचीच! बीबीएनपर्यंत ते गावातल्या गावातच पोचलं असेल, पण हा नुसता अंदाज.

मोजपट्टीच्या माहेरपणावर प्रतिस्पर्धी दावा डेन्मार्कचा आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एरलांग याने १९०९ पासून टेलिफोनच्या वर्दळीचं गणित मांडलं. रांगांच्या शास्त्राचा तो जनक. यावर केंब्रिजच्या बाजूने उत्तर असं, की टेलिफोनची लाइन व्यग्र असली तर कॉल वाया जातो, पत्र मात्र वाया घालवून चालत नाही. उत्तर फर्डं आहे, पण पुरेसं नाही. एरलांगच्या १९१७ च्या सूत्रांत ताटकळणाऱ्या कॉलचाही हिशेब आहे.

तरीही मोजपट्टी आणि पत्र यांची खरी गाठ पडली ती बर्कलीत. एरिक ऑलमनचा सेंडमेल हा पत्रं पोचवणारा प्रोग्रॅम १९८३ मध्ये बीएसडी युनिक्सबरोबर बाहेर पडला. पुढे तो स्वतःच लोड ॲव्हरेज वाचून वागू लागला. आकडा ८ च्या वर गेला की पत्रं लगेच पोचवण्याऐवजी रांगेत टाकायची. १२ ओलांडला की नवी जोडणीच नाकारायची. (पुढच्या आवृत्त्यांत हे आकडे प्रोसेसरच्या संख्येने गुणले जातात.) नाकारलेलं पत्र बुडत नाही, पाठवणारा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा दार ठोठावतो. देखरेख आणि कारवाई, दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये.

१९९३ मध्ये लिनक्सने या मोजपट्टीत बदल केला. मथियास उर्लिख्सचा पॅच आला आणि डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जाऊ लागल्या. त्याचा मुद्दा बिनतोड होता : वेगवान डिस्क काढून मंद डिस्क बसवली तर यंत्र रेंगाळतं, आणि लोड मात्र कमी दिसतं, हे कसं? आकडा भेसळीचा झाला, प्रोसेसरची मागणी त्यातून कळेना, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. मेलपुरती ती पटत नाही. ‘पत्र मिळालं’ असं कळवण्याआधी सर्व्हरला ते डिस्कवर उतरवावं लागतं. मेल सर्व्हरचा घाम बहुधा तिथेच निघतो. फक्त ८ आणि १२ या जुन्या मर्यादांचा अर्थ बदलला. लिनक्सवर प्रोसेसर जवळपास रिकामा असतानाही, केवळ डिस्क मंद म्हणून, सेंडमेल दार लावून घेऊ शकतो.

इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठात १९९५ मध्ये फिलिप हेझलने लिहिलेल्या एक्झिम या मेल सर्व्हरमध्ये लोड पाहून पत्रं रांगेत टाकण्याची सोय शाबूत आहे. वित्से वेनेमाच्या पोस्टफिक्सने दुसरी वाट धरली. तो प्रत्येक सेवेच्या एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची संख्याच बांधून ठेवतो, मुळात १०० वर. शिवाय त्याच्यासोबतचं ‘क्यूशेप’ हे साधन लोडकडे पाहतच नाही. कुठल्या डोमेनची किती पत्रं ५, १०, २०, ४० मिनिटं खोळंबली आहेत, याचा तक्ता ते मांडतं. हा हिशेब ताटकळण्याचा आहे, म्हणजे इथे कोपनहेगनचा दावा पुन्हा भारी पडतो.