कवटी आणि पहिल्या मणक्याच्या मधली जागा

शरीररचनाशास्त्रात आता नवीन काय सापडायचं राहिलंय, असं पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटतं. वाटणारच, कारण आम्ही शिकवतोच तसं. अन्सारी नगरच्या एम्समध्ये काय, लेडी हार्डिंज किंवा मौलाना आझाद कॉलेजात काय, मानेचं डिसेक्शन ठरलेल्या क्रमानं होतं. पाठीमागून त्वचा, मग ट्रॅपिझियस, स्प्लेनियस, सेमीस्पायनॅलिस आणि शेवटी सबऑक्सिपिटल त्रिकोण. त्रिकोणाच्या तीन बाजू, आतली व्हर्टिब्रल धमनी, सबऑक्सिपिटल नर्व्ह हे सगळं तोंडी परीक्षेत विचारलं जातं. त्रिकोणाच्या आतल्या बाजूला, मध्यरेषेला लागून एक छोटा स्नायू असतो, रेक्टस कॅपिटिस पोस्टेरिअर मायनर. तो त्रिकोणाची एकही बाजू होत नाही, म्हणून परीक्षक त्याच्याकडे फिरकत नाहीत. मग मुलं तरी कशाला फिरकतील?

ही प्रस्तावना त्या स्नायूपासून सुरू करायची आहे.

हा स्नायू पहिल्या मणक्याच्या, म्हणजे ॲटलसच्या, मागच्या उंचवट्यापासून निघतो आणि कवटीच्या तळाला लागतो. त्याच्या पुढच्या अंगाला पडदा, पडद्यापलीकडे चरबी आणि शिरांचं जाळं, आणि त्यानंतर मज्जारज्जूचं बाहेरचं जाड आवरण, ड्यूरा. पुस्तकी आकृतीत स्नायू एका पानावर असतो आणि ड्यूरा दुसऱ्या. प्रत्यक्षात मात्र स्नायूपासून निघालेले घट्ट तंतू कवटी आणि ॲटलसच्या फटीतून आत शिरतात आणि ड्यूराला जाऊन चिकटतात. या जोडणीला आज मायोड्युरल ब्रिज म्हणतात. फ्रेंच अभ्यासकांनी १९९२ मध्ये या भागातल्या अशा जोडणीचं वर्णन केलं होतं. पण चर्चा सुरू झाली ती १९९५ पासून. बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठातले गॅरी हॅक आणि त्यांचे सहकारी यांचा लेख त्या वर्षी 'स्पाइन' या नियतकालिकात आला. हॅक दंतवैद्यक विद्याशाखेतले. मानेच्या तज्ज्ञांना यात थोडं ओशाळायला जागा आहे.

इतकी शतकं हे दिसलं कसं नाही? माझ्या मते दोष सुरीच्या दिशेचा आहे. मागून थर काढत गेलं की ड्यूरापर्यंत पोचायला हा स्नायू कापून बाजूला करावाच लागतो, आणि त्याच्याबरोबर तंतूही जातात. जे शोधायचं ते शोधण्याच्या ओघातच नाहीसं होतं. हॅक यांनी डोकं आणि मान मधोमध उभी छेदून बाजूनं पाहिलं. तुम्हीही एकदा तसा छेद मागवून घ्या. चिमट्यानं स्नायू हलकेच मागे ओढा आणि नजर ड्यूरावर ठेवा. ती सरकताना दिसेल. व्याख्यानात तासभर सांगून जे पटत नाही, ते इथे लगेच पटतं.

ज्यांच्यामुळे हे पाहता येतं, त्या देहदात्यांबद्दलही सांगायला हवं. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे नानाजी देशमुख २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला वारले. त्यांनी दिल्लीच्या दधीचि देहदान समितीकडे आधीच संकल्प नोंदवला होता, त्याप्रमाणे त्यांचा देह एम्सला देण्यात आला. दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळींना त्यांचं राजकारण आणि ग्रामविकास आठवतो. त्यांचं हे शेवटचं देणं आम्हा शिक्षकांच्या जास्त जवळचं.

पुढे मायोड्युरल ब्रिजसारखेच आणखी पूल सापडले. रेक्टस कॅपिटिस पोस्टेरिअर मेजर आणि ऑब्लिकस कॅपिटिस इन्फिरिअर या स्नायूंचे तंतू पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमधून ड्यूराकडे जातात. त्यांचं काम काय, हा प्रश्न जास्त अवघड आहे. मान मागे वाकवली की ड्यूराला, कोपर दुमडल्यावर बाहीला पडतात तशा, चुण्या पडू शकतात. पूल तिला मागे ओढून धरतो, हे एक उत्तर. चीनमधल्या दालियानच्या अभ्यासकांना वाटतं की हे स्नायू मेंदूभोवतीचा द्रव पुढे ढकलायला मदत करतात. मिनिटभर डोकं फिरवल्यावर त्या द्रवाच्या प्रवाहात फरक पडतो, असं त्यांनी २०१६ मध्ये एमआरआयवर दाखवलं. फरक पडतो हे मान्य. तो पुलामुळेच पडतो, हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

वेल्लोरच्या कुलकर्णी, चांडी आणि बाबू यांचं २००१ चं काम मला याच्या बरोबरीचं वाटतं. त्यांनी मानवी भ्रूणांच्या सबऑक्सिपिटल स्नायूंमधले मसल स्पिंडल मोजले. ऑब्लिकस कॅपिटिस इन्फिरिअरमध्ये ते दर ग्रॅमला २४२ भरले, म्हणजे फारच दाट. स्पिंडल ताणाची खबर मेंदूला देतात. तेव्हा हे स्नायू डोकं हलवण्यापेक्षा डोक्याची स्थिती कळवण्याचं काम अधिक करत असावेत, असा माझा कल आहे.

डोकेदुखीचं मात्र जपून बोला. ड्यूराला मानेच्या वरच्या नसांकडून संवेदना मिळते आणि स्नायू तिला ओढतो, तेव्हा मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीशी संबंध असणं शक्य आहे. पण गुडगाव-नोएडात दिवसभर लॅपटॉपपुढे मान घालून बसलेल्यांना 'पूल मोकळा करून देतो' म्हणणारे भेटतात, तेव्हा त्यांना पुरावा विचारा.

खरी निकड शल्यचिकित्सेत आहे. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून कवटी आणि मानेच्या सांध्याच्या जन्मजात दोषांचे रुग्ण एम्समध्ये येत राहतात. परळच्या केईएमचे डॉ. अतुल गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ मध्ये पहिले दोन मणके स्क्रू आणि प्लेटनं जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे प्रकार आता जगभर वापरात आहेत. असा सांधा मागून उघडायचा तर शल्यचिकित्सकाला हेच स्नायू हाडावरून सोडवावे लागतात, आणि अनेकदा त्यांच्यासोबत पूलही सुटतो. त्याचं रुग्णाला नंतर काही जाणवतं का, हे तुमच्यापैकी कुणीतरी नीट तपासायला घ्यावं. मधला छेद घेण्यापासून सुरुवात करा.