मूर्तिपूजेचें भय : इतिहासाचा एक धडा



ज्युबिली म्हणजे केवळ गतवर्षांची मोजदाद नव्हे. ती अंतःकरणाच्या झाडलोटीची वेळ होय. या झाडलोटीस उपयोगी पडेल अशी एक कथा आपल्या शेजारींच आहे. हिंगोली जिल्हा परभणीपासून १९९९ सालीं वेगळा झाला. परंतु त्यांतील नरसी व औंढा हीं गांवें फार जुनीं. नरसी हें संत नामदेवांचें जन्मगांव मानिलें जातें. औंढ्याच्या देवळांत विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनीं ते पाय उचलून दुसरीकडे ठेविले, तों तेथेंहि पिंडी दिसूं लागली, अशी आख्यायिका आहे. देव एका पाषाणांत कोंडून ठेवितां येत नाहीं, हा तिचा बोध. आपला धर्म निराळा. तरी हा बोध ऐकून आपणहि अंतर्मुख व्हावें.

"आम्ही पाषाण पुजीत नाहीं, मग आम्हांस मूर्तिपूजेचें भय कशाचें?" असें कोणी म्हणेल. त्यास पवित्र शास्त्रच उत्तर देतें. अरण्यांत सर्पदंशानें मरणाऱ्या इस्राएल लोकांसाठीं मोशेनें देवाच्या आज्ञेवरून पितळेचा सर्प केला. पुढें लोक त्यालाच धूप जाळूं लागले. तेव्हां हिज्कीया राजानें त्याचे तुकडे केले. देवानें दिलेल्या खुणेचीहि मूर्ति होते, ती अशी! म्हणूनच ७८७ सालच्या निकेयाच्या दुसऱ्या धर्मसभेनें मर्यादा घालून दिली : प्रतिमांस मान द्यावा, आराधना मात्र एका देवाचीच करावी. मरियामातेच्या प्रतिमेपुढें मेणबत्ती लावून नवसाचा सौदा करणारा, पण रविवारचें मिस्साबलिदान चुकविणारा भाविक ही मर्यादा पाळतो काय, हें त्यानें स्वतःसच विचारावें.

गोमंतकाचा इतिहास याहून कडू आहे. १५६७ सालीं पोर्तुगीज सत्तेनें साष्टी प्रांतांतील हिंदूंचीं देवळें पाडलीं. त्याच साष्टींत, रायतूर येथें, १६१६ सालीं फादर थॉमस स्टीफन्स यांचें मराठी 'ख्रिस्तपुराण' छापलें गेलें. एकानें हातोडा उचलला, दुसऱ्यानें लेखणी. यांपैकीं हातोड्याचा मार्ग किती तोकडा होता, हें पुढील काळानें दाखविलें. पाषाण फुटला, पण मनांतील जातीची मूर्ति अभंग राहिली. ती भक्तांबरोबर चर्चमध्यें आली, आणि कोंफ्रारिया नांवाचे कित्येक धर्मसंघ जातीजातींत वांटले गेले. एकाच वेदीवरून एकाच प्रभूचें शरीर सेवन करणारीं माणसें एकमेकांच्या पंक्तीस बसेनात!

हा रोग एकट्या गोमंतकाचा नव्हे. पोप अकरावे पायस यांनीं १९३७ च्या मार्च महिन्यांत जर्मनींतील ख्रिस्तसभेस पत्र लिहून बजाविलें कीं, वंश अथवा राज्य यांस देवाच्या ठिकाणीं बसविणें ही मूर्तिपूजाच होय. भारतांतील बिशपमंडळानें १९८२ सालीं जाहीर केलें कीं, जातिभेदास ख्रिस्ती धर्मांत स्थान नाहीं. तरीहि सोयरीक जुळवितांना पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हें घरोघरीं ठाऊक आहे.

संत पौलानें कलस्सैकरांस लिहितांना लोभासहि मूर्तिपूजा म्हटलें आहे. पैसा, जमीन, पुढारी, हातांतला मोबाईल, घराण्याचा मोठेपणा, हीं सर्व स्वभावतः वाईट नव्हेत. पितळेचा सर्पहि वाईट नव्हता. परंतु ज्या वस्तूसाठीं आपण भावास दूर लोटतों आणि देवास थांबावयास सांगतों, ती वस्तु आपली मूर्ति झाली, असें निश्चित समजावें.

यास उपाय ज्युबिलीच्या मूळ अर्थांतच आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें पन्नासाव्या वर्षीं, योबेल वर्षीं, विकलेली जमीन मूळ कुळास परत मिळे आणि दास मुक्त होई. जें आपण 'माझें' म्हणून घट्ट धरिलें, तें देवाचें आहे, असें कबूल करून सोडून देणें, हाच तो उत्सव. तेव्हां तोरणें बांधण्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या मनांतील एक तरी मूर्ति खालीं उतरवावी, आणि रित्या झालेल्या त्या सिंहासनावर प्रभु येशू ख्रिस्तास बसवावें. तोच हें कार्य सिद्धीस नेवो.