रामचंद्र, सी.

(१२ जानेवारी १९१८–५ जानेवारी १९८२). हिंदी चित्रपटगीतांत रॉक अँड रोलची लय आणणारे मराठी संगीतकार व गायक. पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. जन्म पुणतांबे (तत्कालीन जि. अहमदनगर).

अलबेला (१९५१, → भगवान दादा) या चित्रपटात त्यांनी पाश्चात्त्य नृत्यताल वापरले, साथीला ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे वादक होते (→ जॅझ).

आशा (१९५७) या चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ हे त्यांचे ठळक रॉक अँड रोल गीत. निरर्थक अक्षरांची माळ आणि धावती लय यांवरच ते उभे आहे. किशोरकुमार व आशा भोसले या दोघांच्याही आवाजात ते ध्वनिमुद्रित झाले. अमेरिकेत रॉक अँड रोल गायक एल्व्हिस प्रेसलीचे ‘हाउंड डॉग’ हे गीत त्याच्या एकच वर्ष आधी, १९५६ मध्ये आले होते!

अनारकली (१९५३) या चित्रपटातील हळुवार गीतेही त्यांचीच. गायक म्हणून ते ‘चितळकर’ हे नाव लावत.