बॅटीची बखर आणि अस्सल कागद

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख आणि मोडी दप्तरे यांचेच स्मरण आपणांस होते. क्रिकेटची एखादी जुनी बॅट हेही इतिहासाचे साधन ठरू शकते, असे कोणी म्हटले तर ऐकणारा बहुधा हसेल. परंतु जी बॅट एखाद्या गाजलेल्या सामन्यात प्रत्यक्ष वापरली गेली, तिला संग्राहकांच्या जगात आज मोठे मोल आले आहे. आणि जेथे मोल येते तेथे नक्कलही पाठोपाठ येते. मग ही बॅट त्याच खेळाडूची, त्याच सामन्यातली कशावरून, हा प्रश्न उभा राहतो. तो सोडविण्याची रीत पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की, इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाला ज्या कसोट्या लावल्या त्यांहून ही रीत फारशी निराळी नाही. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी प्रसिद्ध केला, तेव्हापासून मागाहून रचलेली बखर आणि प्रसंगकाळी लिहिलेला अस्सल कागद यांतील भेद मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला आहे. तोच भेद बॅटीलाही लागू करावयाचा.

या विद्येचा शास्त्रशुद्ध विकास झाला तो अमेरिकेत, बेसबॉलच्या बॅटींच्या निमित्ताने. लुईव्हिल येथील हिलरिच अँड ब्रॅड्सबी ही कंपनी नामांकित खेळाडूंच्या मागणीनुसार बॅटी बनवीत असे आणि कोणास किती लांबीची व किती वजनाची बॅट धाडली याची नोंद ठेवीत असे. पारखी प्रथम बॅटीवरील छाप पाहतो, कारण तो कालपरत्वे बदलत गेला. मग लांबी व वजन त्या नोंदीशी ताडून पाहतो. शेवटी चेंडूच्या शिवणीचे वळ, मुठीवरचा डांबरासारखा चिकट लेप आणि खेळाडूच्या खास सवयींच्या खुणा तपासतो. बेब रूथ या विख्यात खेळाडूने १८ एप्रिल १९२३ रोजी न्यूयॉर्कच्या नव्या यांकी स्टेडियमवर पहिला ‘होम रन’ ज्या बॅटीने मारला, ती बॅट त्याने त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या एका शाळकरी मुलाला बक्षीस म्हणून दिली आणि तीवर स्वहस्ते तारखेसह मजकूर लिहिला. २००४ साली ती सुमारे १२ लाख ६५ हजार डॉलरना विकली गेली. तिच्या अंगावरचे ते हस्ताक्षर म्हणजे अस्सल कागदच होता. उलटपक्षी, खोट्या सह्यांचा बाजार तेथे इतका माजला की, १९९० च्या दशकात एफबीआयला ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची शोधमोहीमच हाती घ्यावी लागली. पुढे २००१ पासून तेथील प्रमुख लीगने सामन्याच्या वेळीच साक्षीदार हजर ठेवून वस्तूवर क्रमांकित चिकटपट्टी लावण्याची प्रथा सुरू केली.

आपल्याकडे क्रिकेटच्या बॅटीची पारख करताना अशा नोंदी क्वचितच हाती लागतात. तरीही बॅट स्वतः पुष्कळ बोलते. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर नागपूरच्या सी. के. नायडूंनी एम.सी.सी. विरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा केल्या. ‘ती हीच बॅट’ म्हणून कोणी ग्रे-निकल्सचा छाप असलेली बॅट पुढे केली, तर तेथेच थांबावे. कारण ग्रे आणि निकल्स ही दोन घराणी एकत्र आली ती १९४० च्या दशकात. मीरतच्या एस. जी. या छापाची अक्षरे सुनील गावसकरांच्या आद्याक्षरांशी जुळतात, म्हणून पुष्कळांची फसगत होते. वस्तुतः ती सॅन्सपॅरेल्स ग्रीनलँड्सची आद्याक्षरे होत, आणि त्या उद्योगाचे मूळ १९३१ सालच्या सियालकोटात आहे. शिवाय नामवंतांची छापील सही असलेल्या बॅटी दुकानांतून सर्रास विकल्या जात. अशी सही ही जाहिरात होय. तिला पुरावा समजू नये. हाताने केलेली सही खरी असली, तरी तिने सही कोणाची एवढेच सिद्ध होते. त्या बॅटीने तो खेळला, हे त्यावरून ठरत नाही.

झीज पाहावयाची ती यासाठीच. तांबड्या चेंडूचा रंग पात्यावर उतरतो. पांढऱ्या चेंडूने खेळलेल्या सामन्यातील म्हणून दाखविलेल्या बॅटीवर केवळ तांबडेच डाग असतील, तर खुलासा मागितला पाहिजे. सचिन तेंडुलकर जड बॅट वापरीत आणि दांडा अगदी खालच्या बाजूस धरीत. थोरल्या भावाची मोठी बॅट घेऊन खेळताना जडलेली ती लहानपणची सवय. म्हणून त्यांच्या म्हणविल्या जाणाऱ्या बॅटीच्या दांड्याची झीज कोठे आहे, हे आधी पाहावे. त्यांच्या बॅटीवर अनेक वर्षे झळकलेली एम.आर.एफ. ही अक्षरे आपल्याच चेन्नईतील टायर कंपनीची. त्या अक्षरांवरून पुरस्कर्ता कोण हे कळते, पण पाते कोणी घडविले हे कळत नाही. १९९६ च्या विश्वचषकात तर ते कोणतीही जाहिरात नसलेल्या बॅटीने खेळले. तेव्हा त्या स्पर्धेतील म्हणून पुढे आलेल्या बॅटीवर ही अक्षरे असली, तर संशय घेण्यास ते कारण पुरेसे आहे.

चेन्नईकरांस तर या बाबतीत विशेष जपावे लागते. वेलचेरीहून निघणारी उन्नत मार्गावरील गाडी ज्या चेपॉक स्थानकावर थांबते, त्याच्या शेजारच्या मैदानावर १० फेब्रुवारी १९५२ रोजी सांगलीच्या विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. तेथेच डिसेंबर १९८३ मध्ये गावसकरांनी नाबाद २३६ धावा करून तिसावे कसोटी शतक पुरे केले आणि ब्रॅडमन यांचा २९ शतकांचा विक्रम मागे टाकला. परंतु विनू मांकड आणि पंकज रॉय यांची जानेवारी १९५६ मधील ४१३ धावांची सलामीची भागी चेपॉकवर झालेली नाही. ती झाली कॉर्पोरेशन स्टेडियमवर. तेव्हा त्या सामन्यातील म्हणून दाखविलेल्या बॅटीसोबत ‘चेपॉक’ असा दाखला असेल, तर तो मागाहून रचलेला असण्याचाच संभव अधिक. तसेच १९८३ सालच्या छापील दाखल्यावर शहराचे इंग्रजी नाव ‘चेन्नई’ असेल, तर तो त्या काळचा असणे कठीण. कारण ‘मद्रास’ हे अधिकृत नाव १९९६ मध्ये बदलले.

तथापि या सर्व खुणांहून बलवत्तर पुरावा म्हणजे हस्तांतराची अखंड साखळी. २ एप्रिल २०११ रोजी ज्या बॅटीने महेंद्रसिंग धोनी यांनी विश्वचषक जिंकून देणारा षटकार ठोकला, ती त्याच वर्षीच्या जुलैत लंडनमध्ये धर्मादाय कार्यासाठी एक लाख पौंडांना विकली गेली. मधले अंतर चार महिन्यांहूनही कमी. साखळी आखूड आणि उघड. जुन्या बॅटीच्या बाबतीत मात्र ती तीनचार पिढ्यांतून आणि दोनतीन शहरांतून गेलेली असते.

हा विषय आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मांडण्याचे कारण हेच आहे. स्थलांतर केलेल्या कुटुंबांत वस्तू टिकतात, पण त्यांची हकीकत सांगणारी माणसे आणि कागद टिकत नाहीत. डिसेंबर २०१५ च्या महापुरात वेलचेरीतील किती तरी तळमजल्यांत पाणी शिरले. अशा पाण्यात लाकूड वाळवून वाचविता येते; शाईने लिहिलेले पत्र मात्र वाचत नाही. पत्र गेले म्हणजे बॅट मुकी होते, आणि मुक्या वस्तूच्या तोंडी कोणीही काहीही घालू शकतो.

म्हणून ज्यांच्या घरी अशी एखादी बॅट असेल, आणि तीच गोष्ट आजोबांच्या तंबोऱ्याची किंवा पणजीच्या पानदानाचीही, त्यांनी ती घासूनपुसून नवी करू नये, तीवर पॉलिश चढवू नये, जुनी ग्रिप काढू नये. झीज हाच तिचा लेख आहे. तिची छायाचित्रे घ्यावीत, लांबी व वजन नोंदवावे, आणि ती कोणाकडून, कधी व कशी आली हे घरातील वडीलधाऱ्यांकडून तारखेनिशी लिहून घेऊन खाली त्यांची सही घ्यावी. स्वतः पाहिलेले एका बाजूस आणि ऐकलेले दुसऱ्या बाजूस असावे. ऐकीव म्हणून काहीही टाकून देऊ नये. घराण्याची माया पुष्कळदा त्यातच असते. मात्र त्या कागदाच्या माथ्यावर ‘ही बखर आहे’ एवढे स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे. पुढच्या पिढीवर तेवढेच मोठे उपकार होतील.