कोळशावरील कर आणि विजेची गाडी

मलकपेठ म्हटले की हैदराबादकरास प्रथम आठवतात ते शर्यतीचे घोडे. कुतुबशाहीतील मलिक याकूब नामक सेवकावरून या पेठेस नाव पडले असे सांगतात. परंतु तिचा लौकिक वाढला तो 1886 सालापासून. त्या वर्षी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मौला अली येथील शर्यती मलकपेठेत आणविल्या. त्याच साली लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी स्थापन झाली आणि निजामाच्या राज्यातील खाणींचा मक्ता तिच्या हाती गेला. घोड्यांसाठी मैदान आखावयाचे आणि घोड्यांची सद्दी संपविणाऱ्या इंधनाचा करारही करावयाचा, ही दोन्ही कामे राज्याने एकाच वर्षात उरकली!

या कोळशाचा शोध 1871 मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे डॉ. विल्यम किंग यांनी येल्लंदूजवळ लावला होता. मक्त्याचा व्यवहार मात्र इतका संशयास्पद ठरला की, 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला त्याची चौकशी करावी लागली. भागभांडवलाच्या त्या उलाढालीत कोणाचे हात किती ओले झाले, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल. आपल्यापुरते एवढेच पुरे की, 1889 पासून सिंगरेणीचा कोळसा निघू लागला आणि 1920 मध्ये सिंगरेणी कोलिअरीज कंपनी अस्तित्वात आली. त्याच सुमारास हुसेनसागराच्या काठी कोळशावर चालणारे वीजघर उभे राहिले. 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेने 27 गाड्या व 166 नोकर एवढ्या बळावर सरकारी बसवाहतूक सुरू केली. 1956 पर्यंत आपला मराठवाडा याच राज्यात होता. तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या जिल्ह्यांचा आगगाडीशी, मोटारीशी आणि विजेच्या दिव्याशी झालेला परिचय हा याच कथेचा एक भाग होय.

1920 हे साल आणखी एका कारणास्तव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांचा लोककल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे काळे होतात, घरे विटतात, प्रकृती ढासळते. पण त्या नुकसानीची किंमत कारखानदाराच्या हिशेबवहीत कोठेच चढत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ती किंमत कराच्या रूपाने वसूल करावी, म्हणजे धूर आपोआप आवरता घेतला जाईल, असा त्यांचा विचार. आज ज्यास कर्बमूल्य किंवा कार्बन-कर म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे. हा विचार प्रत्यक्षात येण्यास सत्तर वर्षे लागली. फिनलंडने 1990 मध्ये आणि स्वीडन व नॉर्वे यांनी 1991 मध्ये असा कर बसविला.

भारताने हे पाऊल 2010 मध्ये टाकले. त्या वर्षीच्या 1 जुलैपासून, प्रणव मुखर्जी अर्थमंत्री असताना, दर टन कोळशामागे 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला. 2014 मध्ये तो 100, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400 रुपये झाला. कल्पना अशी की, काळ्या इंधनावर कर घ्यावा आणि त्या पैशातून सौरऊर्जेसारखी निर्मळ साधने उभारावीत. उपकराची वसुली चोख झाली, विनियोग मात्र तसा झाला नाही. 2010 ते 2018 या काळात सुमारे 86 हजार 440 कोटी रुपये जमले. त्यांपैकी स्वच्छ ऊर्जा निधीकडे सुमारे 29 हजार 645 कोटी पोहोचले, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांस मिळाले ते सुमारे 15 हजार 911 कोटी. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा या उपकराची जागा राज्यांच्या भरपाईसाठी घेतल्या जाणाऱ्या उपकराने घेतली. दर तोच राहिला. पण पैशाचा निर्मळ ऊर्जेशी असलेला संबंध कागदावरूनही पुसला गेला. सरकारी तिजोरीत एकदा पडलेल्या पैशास आपले मूळ गाव आठवत नाही, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल.

आता प्रश्न असा की, या कराने मलकपेठेतील माणसास पेट्रोलची स्कूटर टाकून विजेची घेण्यास प्रवृत्त केले काय? येथे थोडा हिशेब करावा लागतो. कोळशापासून एक युनिट वीज काढण्यास ढोबळ मानाने साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो. टनास 400 रुपये या दराने त्यावरील उपकर 26 पैसे होतो. तारांतील गळती धरली तर 30 म्हणू. एका युनिटवर विजेची स्कूटर तीसएक किलोमीटर धावते. म्हणजे किलोमीटरला एक पैसा. उलट, मे 2022 मध्ये केंद्राने पेट्रोलवरील अबकारी कर कमी केला, त्यानंतरही तो लिटरला 19 रुपये 90 पैसे राहिला होता. लिटरमध्ये पंचेचाळीस किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरवर हा बोजा किलोमीटरला 44 पैसे पडतो. आणि राज्याचा विक्रीकर यात धरलेलाच नाही.

वस्तुतः पेट्रोलवरील हा कर धुराकडे पाहून कोणी बसविलेला नाही. तिजोरीची तहान हेच त्याचे कारण. तथापि परिणामाच्या दृष्टीने पाहता, एक लिटर पेट्रोलातून सुमारे 2.3 किलो कर्बवायू निघतो, हे धरल्यास टनामागे साडेआठ हजार रुपयांचे कर्बमूल्य आपण नकळत देत आलो आहोत. कोळशाच्या बाबतीत तोच आकडा अडीचशेच्या आसपास येतो. पर्यावरणाचे नाव घेऊन बसविलेला कर क्षुद्र, आणि ज्यास ते नावही नाही तो जबर! शिवाय पहिला कर विजेवर, म्हणजे ज्या गाडीस उत्तेजन द्यावयाचे तिच्याच चाऱ्यावर पडत होता.

यावर आक्षेप घेतला जातो की, कोळशाची वीज वापरणारी गाडी कसली निर्मळ? आक्षेप अगदीच पोकळ नाही. तरी आकडे काय सांगतात? कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या वाट्यास किलोमीटरला 35 ते 40 ग्रॅम कर्बवायू येतो, पेट्रोलच्या स्कूटरच्या वाट्यास सुमारे 50. लाभ आहे, पण बेताचा. नॉर्वेचे ऐश्वर्य निराळे. तेथील वीज बहुतांशी धबधब्यांची. त्यामुळे कर्बकराचा चटका पेट्रोलला बसला, विजेला बसला नाही. त्यात 1990 पासून विजेच्या गाड्यांना खरेदीकरात सूट मिळाली आणि 2001 पासून मूल्यवर्धित करातही. 2024 मध्ये तेथे विकल्या गेलेल्या शंभर नव्या मोटारींत एकोणनव्वद विजेच्या होत्या. मात्र हे फळ एकट्या कर्बकराचे नव्हे. गाडी विकत घेतानाच्या सवलतीचा वाटा त्यात मोठा आहे.

तेलंगणानेही हाच दुसरा मार्ग धरला. 2020 च्या धोरणात पहिल्या 2 लाख दुचाकी, 20 हजार रिक्षा, 5 हजार खाजगी मोटारी आणि 500 बसगाड्या यांना मार्गकर व नोंदणीशुल्क माफ झाले. 18 नोव्हेंबर 2024 पासून संख्येची ही मर्यादा उठवून 31 डिसेंबर 2026 पर्यंत माफी देण्यात आली. किलोमीटरमागच्या एका पैशापेक्षा खरेदीच्या दिवशी वाचलेले काही हजार रुपये माणसास अधिक स्पष्ट दिसतात, हे यामागील मर्म होय. परंतु नवी गाडी घेण्याची ऐपत ज्यास नाही, किंवा भाड्याच्या खोलीत जिन्याखाली गाडी लावणाऱ्या ज्या गृहस्थास तारेचे तोंडच उपलब्ध नाही, त्यास ही माफी काय कामाची? तो पेट्रोलचा कर भरीतच राहतो. त्याच्या दृष्टीने खरी विजेची गाडी म्हणजे 24 सप्टेंबर 2018 रोजी अमीरपेठ ते एल. बी. नगर मार्ग खुला झाल्यापासून मलकपेठेच्या स्थानकावर थांबणारी मेट्रो. विमानतळाच्या मार्गावर 2019 च्या मार्चमध्ये विजेवरील 40 बसगाड्याही आल्या. अशा गाड्या गल्लीबोळांच्या वाटेवर याव्यात, हा माझ्या मते दुचाकीच्या माफीपेक्षा अधिक निकडीचा खर्च आहे.

हुसेनसागराकाठचे जुने वीजघर गेल्या शतकाच्या अखेरीस पाडले गेले. त्या परिसरातील रस्त्यांवर 11 फेब्रुवारी 2023 रोजी विजेच्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. मलकपेठेच्या घोड्यांना शहरातच हा नवा प्रतिस्पर्धी लाभला, असे वाटल्यास म्हणावे.

कोळशावरील उपकराचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. 2023 च्या जूनमध्ये कर्ब-पतव्यापाराची योजना अधिसूचित झाली. परंतु उद्दिष्टे प्रथम ठरली ती ॲल्युमिनियम, सिमेंट, कागद व क्लोर-अल्कली यांसारख्या कारखान्यांसाठी, वीजघरांसाठी नव्हे. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून टनामागचे ते 400 रुपये रद्द होऊन कोळशावरील वस्तू व सेवा कर 5 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. पूर्वीचा कर वजनावर होता, नवा किमतीवर आहे. टनास सुमारे 3,077 रुपयांहून महाग असलेल्या कोळशावरील बोजा त्यामुळे वाढला, त्याहून स्वस्त कोळशावरील उतरला. आणि अधिक राख मागे ठेवणारा हलक्या प्रतीचा कोळसा बहुधा स्वस्तच असतो.