चूल गेली, माऊची ऊब कुठे?



धान घरात आलं की त्याच्या मागे उंदीरही येतात. एकोडीच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. नेमके तेच थंडीचे दिवस. म्हणजे मांजरीला काम जास्त आणि ऊब कमी. तिचं आणि आपल्या घराचं हे नातं किती जुनं आहे, ते आज बघू.

आपल्या माऊचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतली रानमांजरं. उन्हाच्या, कोरड्या मुलखातली. सुमारे 10,000 वर्षांपूर्वी तिकडची माणसं शेती करून धान्य साठवू लागली. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. तिला कोणी बांधून आणलं नाही, ती आपणहून आली. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. तिच्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं होतं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे माणसांनीच ती नावेतून नेली असणार.

आता आपल्या विदर्भाकडे या. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला. उंदरांवरच्या पिसवांतून तो माणसाला होतो, हे हळूहळू कळलं. तेव्हा अमरावतीचे सरकारी डॉक्टर अँड्र्यू ब्युकॅनन यांनी 1908 साली लिहिलं, की घरोघरी मांजर पाळा. जिथे मांजरी जास्त, तिथे प्लेग कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं. मांजरीलाही प्लेग होऊ शकतो, हे आज आपल्याला माहीत आहे. पण उंदीर कमी तर धोका कमी, ही त्यांची गोष्ट खरी होती.

या राखणीचा मोबदला काय? घोटभर दूध आणि चुलीजवळची जागा. रात्री चूल विझली तरी राख कोमट असायची, शेणानं सारवलेली भुई फार गार पडत नसे. मांजर तिथेच मुटकुळं करून झोपायची. 2016 साली उज्ज्वला योजना आली, घरोघरी गॅस पोहोचला, बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला. फार चांगलं झालं. पण फरशी आली, राख गेली, आणि माऊचा कोपराही गेला. तो आता आपणच करून द्यायचा.

खर्च काहीच नाही. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, एका बाजूला मांजर शिरेल एवढंच भोक पाडा. आत धानाची कोरडी तणस भरा. खोकं विटांवर किंवा पाटावर, वारा लागणार नाही असं ठेवा. तणस ओली झाली की बदला. ओल्या गोणपाटावर तर मांजर आणखीच गारठते. थंडीत दोन घास जास्त घाला. ज्यांच्याकडे अजून चूल आहे, त्यांनी पेटवण्याआधी आत डोकवा. गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर थाप मारा.

मांजर मलूल दिसली तर माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, ती तिच्या जिवावर बेतते. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि उंदराचं विष घरात ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरते. मग पुढच्या वर्षी ढोलीतलं धान कोण राखणार?